बसून काम करणाऱ्यांची कंबर

आपल्या भाषेत ‘बसणे’ या क्रियापदाला फारशी प्रतिष्ठा नाही. ‘बसून खातो’ म्हणजे ऐतखाऊ, ‘धंदा बसला’ म्हणजे बुडाला, आणि ‘घरी बसवला’ म्हणजे कामावरून काढला. त्यामुळे बसून काम करणारा माणूस ‘कंबर दुखते’ असे सांगू लागला, की ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून जिची कंबर धरते, तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही. तिला घरचे लोक आपण होऊन शेकायला विटकर तापवून देतात. परंतु तीच बाई पावसाळ्यानंतर ओटीवर बसून दिवसभर खडे चिकटवू लागली आणि संध्याकाळी तिला उठवेना, तर सासू विचारते, “अगं, बसल्या जागी कसली कंबर दुखते तुझी?” या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. व्याख्यानानंतर पुष्कळांनी थांबून उपाय विचारले, म्हणून येथे उपायांचा भाग जरा विस्ताराने घेतला आहे.

प्रथम हे बसणारे लोक कोण ते पाहू. चिंचणी, तारापूर, वरोर या बाजूला घरोघर डाय कोरणारे कारागीर आहेत. धातूच्या ठोकळ्यावर छिन्नीने बारीक नक्षी खोदावयाची, मग त्या नक्षीवर सोनाराने पत्रा ठोकून दागिन्याचा आकार उठवावयाचा, असा तो धंदा आहे. चूक केसाएवढी झाली तरी ठोकळा वाया जातो, म्हणून कारागिराची मान कामावर अशी झुकलेली असते की मागून पाहणाऱ्याला डोके दिसतच नाही. इकडे माकुणसार, केळवे, सफाळे भागांत बायका बाहेरून आणलेले नगावरचे काम करतात : कोणी नकली दागिन्यांना खडे लावते, कोणी टिकल्या पाकिटांत भरते, कोणी शिवून आलेल्या कपड्यांचे धागे कापते. आणि तिसरा वर्ग अगदी नवा आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल आली आणि आपली शिकलेली मुले मोठ्या संख्येने मुंबईच्या कचेऱ्यांकडे जाऊ लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांची कचेरीच घरी आली. कचेरी आली, पण कचेरीतली खुर्ची आली नाही. मुले पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप ठेवून आठ-आठ, दहा-दहा तास बसू लागली. काही जण अजूनही तसेच बसतात. सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांची गोष्ट तर फार जुनी. मांडीवर सूप, सुपात पाने नि तंबाखू, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. डायवाला, टिकलीवाली, लॅपटॉपवाला आणि विडीवाली एकमेकांना ओळखतही नसतील. परंतु चौघांची कंबर एकाच जागी दुखते.

हे दुखणे आजचे नव्हे. इटलीत मोडेना येथे बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, असे त्याने सांगितले. आमच्या युनियनच्या कामाला याहून मोठा वडीलधारा मी तरी पाहिलेला नाही. त्याच ग्रंथात बसून काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शिंपी आणि चांभार सणाच्या मिरवणुकीत चालताना कसे पोक काढून, झुलत जातात ते त्याने लिहिले, आणि निदान सुटीच्या दिवशी तरी यांनी अंग हलवावे असा सल्ला दिला. ‘निदान सुटीच्या दिवशी’ या शब्दांत सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे त्या लोकांचे सारे आयुष्य आले.

आता कंबर दुखते का, हे पाहू. उभे राहून हात मागे न्या आणि कमरेवर ठेवा. तेथे आत गेलेली एक खोलगट जागा लागेल. कण्याचे हे नैसर्गिक वळण आहे. तेथे पाच मोठे मणके आहेत आणि मणक्यामणक्यामध्ये चिवट चकत्या आहेत; लोक त्यांना गादी म्हणतात. आता हात तसाच ठेवून जमिनीवर मांडी घालून बसा आणि समोरचे काम पाहण्यासाठी वाका. खोलगट जागा नाहीशी होते, उलट मणक्यांची टोके हाताला लागतात. कारण मांडी घातली की ओटीपोटाचे हाडांचे कडे मागे कलते, त्याबरोबर कमरेचे वळण उलटे होते, आणि वरच्या धडाचा भार स्नायूंवरून निघून मागच्या बंधांवर ताणून पडतो. थोडा वेळ हे चालते. तासन् तास चालले, की ते बंध ओल्या सुंभासारखे सैल पडत जातात.

मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या नसतात, हीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचे पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होते आणि हालचालीने त्याला मदत होते. म्हणून एका जागी गोठून बसणे तिला मानवत नाही.

चकतीवर दाब किती पडतो हे स्वीडनमधले डॉक्टर आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कण्यात सुई घालून मोजले, आणि उभे राहण्यापेक्षा बसणे वाईट असा बोलबाला झाला. पुढे जर्मनीत उल्म येथे एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून पुन्हा मोजणी केली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. माणूस एकच होता, हे विसरू नये. पण आकडे बोलके आहेत. उभे असताना दाब ०.५० मेगापास्कल, न टेकता सैल बसले असता ०.४६, मुद्दाम छाती काढून ताठ बसले असता ०.५५, पूर्ण पुढे वाकून बसले असता ०.८३, आणि पुढे वाकूनच, पण कोपरे मांड्यांवर टेकून बसले असता फक्त ०.४३. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. वाकणे तेच, पण कोपराला आधार मिळाला आणि दाब जवळजवळ निम्मा झाला. शाळेत मास्तरांनी आपल्याला ‘ताठ बस’ म्हणून पुष्कळ छड्या दिल्या, परंतु ताठ बसण्यात फारसा लाभ दिसत नाही. दोष बसण्यात नसून निराधार वाकण्यात आणि न हलण्यात आहे.

म्हणून पहिला उपाय पाठीवर नाही, कामावर करावयाचा आहे. आपण शरीर कामाकडे नेतो. त्याऐवजी काम शरीराकडे आणावे. जमिनीवर किंवा मांडीवर ठेवलेले सूप, ताट, ठोकळा हे सर्व उचलून चौरंगावर घ्या. चौरंग नसेल तर दोन बाजूंना विटा किंवा डबे लावून त्यावर फळी टाका. उंची एवढी हवी, की बसल्यावर दोन्ही कोपरे खांदे न उचलता फळीवर टेकावीत. डाय कोरणाऱ्यांना हातोडी मारावयाची असते, त्यांना डुगडुगती फळी चालणार नाही; त्यांनी जाड लाकडी ओंडका घ्यावा आणि कोपरांसाठी बाजूला स्वतंत्र टेकण करावे. दुसरे असे, की बुडाखाली पाट किंवा घडी केलेली गोधडी घ्या, साधारण चार बोटे उंचीची. बूड गुडघ्यांपेक्षा उंच झाले, की ते हाडांचे कडे मागे कलत नाही आणि कमरेची खोलगट जागा बरीचशी राहते. मांडी घालून बसणे सोडा असे मी मुळीच सांगणार नाही. आपल्या घरांत खुर्च्या किती असतात ते मला ठाऊक आहे. शिवाय जन्मभर मांडी घालणाऱ्याला एकाएकी खुर्चीवर बसवले तर तो तीवरही मांडीच घालतो.

तिसरी गोष्ट उजेड. कामावर उजेड कमी पडला की डोळे कामाकडे जातात, डोळ्यांबरोबर मान आणि मानेबरोबर पाठ जाते. मी कित्येक घरांत पाहिले, दिवा छताच्या मध्यावर आणि बाई भिंतीकडे तोंड करून. म्हणजे तिची स्वतःची सावली कामावर. जागा बदलून दारापाशी किंवा खिडकीपाशी बसले तरी फरक पडतो. भिंतीला पाठ टेकता आली तर फारच उत्तम. मध्ये एक लहान उशी घालावी. चष्म्याचा नंबर तपासून घेणे हाही कमरेचाच उपाय आहे, असे म्हटले तर लोक हसतात. पण ते खरे आहे.

लॅपटॉपवाल्यांची अडचण निराळी. त्या यंत्रात पडदा आणि अक्षरांची पाटी एकत्र जोडलेली असल्यामुळे एक योग्य उंचीवर आणले की दुसरे चुकते. पडदा डब्यांवर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणावा आणि सुटी पाटी घेऊन ती कोपराच्या पातळीला ठेवावी. पलंग झोपण्यासाठी ठेवावा.

आता दुसरा उपाय, उठणे. सर्वांत स्वस्त, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याला सर्वांत महाग वाटणारा. केळवे रोड स्थानकाच्या बाजूच्या एका वस्तीत सात-आठ बायका एकत्र बसून काम करीत. त्यांना मी म्हटले, ‘ताई, अर्ध्या तासाने एकदा उठत जा.’ त्यावर एकजण म्हणाली, ‘भाऊ, घड्याळ कोण बघणार? आणि उठलं की डझन मागं पडतो.’ घड्याळाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. पश्चिम रेल्वेची मोठी लाइन जवळून जाते. लोकल, मेल, मालगाडी असे काही ना काही येतच असते. गाडी गेली की उठायचे, दोन मिनिटे अंगणात चालायचे आणि परत बसायचे, असे ठरले. लागोपाठ दोन गाड्या आल्या तर दुसरी सोडायची, हा पोटनियमही झाला!

डझनाचा हिशेब मात्र आपणच करून पाहू. सहा तासांच्या कामात अर्ध्या तासाला दोन मिनिटे म्हणजे एकूण चोवीस मिनिटे, अर्थात पंधरावा हिस्सा. महिन्यात पंचवीस दिवस काम धरले तर बुडाले पावणेदोन दिवस. याउलट कंबर एकदा धरली आणि आठवडा गेला तर सहा दिवस बुडतात, शिवाय डॉक्टर आणि औषध. सहा दिवस बुडतीलच असे कोणी सांगू शकत नाही, हे खरे. परंतु ज्यांची कंबर एकदा धरून झाली आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

उठल्यावर काय करावे? दोन्ही तळवे कमरेवर ठेवून सावकाश मागे झुकावे, पाच-सहा वेळा. मग चार पावले चालावे. आणि एक गोष्ट मुळीच करू नये : वाकून बसलेले असताना उठून लगेच पाण्याचा हंडा किंवा तांदळाचे पोते उचलू नये. प्रयोगांत असे आढळले आहे, की वीस मिनिटे पूर्ण वाकून बसल्यावर सैल पडलेले बंध पुढच्या दोन मिनिटांत सुमारे निम्मेच पूर्ववत होतात. अर्ध्या तासानंतरही थोडी कसर राहते. आपल्याकडे नेमके काय होते? बाई तीन तास बसलेली असते, इतक्यात ‘पाणी आले’ अशी हाक येते आणि ती धावत जाऊन भरलेला हंडा उचलते. उसण तेव्हाच भरते, आणि दोष हंड्याला मिळतो. पाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी दहा मिनिटे काम थांबवून उभ्याने करण्याजोगे काही करावे. नाहीतर हंडा दुसऱ्याने उचलावा. घरात पुरुषमाणसेही असतात.

झोपण्यापूर्वी दोन व्यायाम पुरेत. पालथे पडून कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटे राहणे, हा पहिला. उताणे पडून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलून पाच आकडे मोजणे, असे दहा वेळा, हा दुसरा. कोणत्याही व्यायामाने कळ पायाकडे उतरू लागली तर तो थांबवावा. याहून मोठे औषध चालणे. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर केलेली एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. सारे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. ज्यांना हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेले आणि थोडे समजावून सांगितले, त्यांचे दुखणे परतण्याचा मध्यकाल २०८ दिवस होता. ज्यांना काहीच दिले नाही त्यांचा ११२ दिवस. केळव्याचा किनारा आपल्याला फुकट मिळालेला आहे. पर्यटक गाडीभाडे खर्चून तेथे चालायला येतात आणि आपण घरी बसून कमरेला मलम चोळतो.

मलमावरून आठवले. या दुखण्याभोवती समजुतींचा आणि विक्रीचा मोठा बाजार आहे. पहिली समजूत, कंबर धरली की अंथरूण धरावे. अमेरिकेत २०३ रोग्यांवर केलेल्या १९८६ च्या चाचणीत निम्म्यांना दोन दिवस आणि निम्म्यांना सात दिवस पडून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधील चाचणीत तर असे दिसले, की सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. दुसरी समजूत पट्ट्याची. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणे यांची शिफारस आहे, आणि पट्टे, वजने लावून ताणणे यांची सरसकट शिफारस करू नये असे सांगितले आहे. तिसरी समजूत ‘गादी सरकली’ ही. फोटोत चकती फुगलेली दिसली की माणूस जन्माचा घाबरतो. १९९४ साली ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांच्या कण्याचे एमआरआय फोटो काढले, तर फक्त ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. म्हणजे फोटोतला दोष आणि दुखणे यांचा संबंध असेलच असे नाही. गरम शेक घ्यावा. चटका बसणार नाही एवढे पाहावे. दुखण्यावरच्या गोळ्या मात्र दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन् महिने घेऊ नयेत, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

काही खुणा अशा आहेत, की तेथे घरगुती उपाय करीत बसणे धोक्याचे. लघवी किंवा शौच यांवरचा ताबा सुटणे, अगर लघवी अडणे. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा. पायातली शक्ती जाणे. यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप येतो, वजन उतरते, रात्री पडूनही दुखणे कमी होत नाही, तर मणक्याचा क्षय तर नाही ना हे तपासून घ्यावे. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे आणि पूर्वी कर्करोग झालेल्याचे दुखणे हीही डॉक्टरांना दाखवावीत.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या धंद्यामुळे तो मला टाळता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम होते. उभ्याने काम करावे लागणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, यासाठी मालकाने बसण्याची सोय करावी; आणि जे काम बसून नीट होऊ शकते तेथे आसनांची व्यवस्था करावी, असा हुकूम मुख्य निरीक्षकाला काढता येत असे. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभे ठेवीत. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसेच केले. तेथे बसण्यासाठी भांडावे लागले, आणि आमच्या बायकांना उठण्यासाठी. दोहोंत मूळ गोष्ट एकच : माणसाच्या शरीराची वेळ ज्याच्या हाती आहे, त्याने त्या शरीराचीही काळजी घ्यावी. परंतु कारखान्याच्या भिंतीबाहेर काम गेले की निरीक्षक तेथपर्यंत येत नाही. जागा कामगाराची, वीज कामगाराची, फळी कामगाराची आणि कंबरही कामगाराचीच.

१९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारी बाई हीसुद्धा कामगारच, असे मान्य केले; इतर धंद्यांतल्या बायकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेने आणि इला भट्ट यांनी हा प्रश्न जगापुढे नेण्यात मोठा वाटा उचलला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगिरीविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. सुरक्षितता आणि आरोग्याचे नियम घरी काम करणाऱ्यालाही लागू व्हावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

दिल्लीत मोहोर उमटेपर्यंत आम्ही त्या रुळांजवळच्या बायकांच्या वतीने काम देणाऱ्या मुकादमापुढे एक कागद ठेवला. दर माणशी एक फळी आणि पाट. दोघींमागे एक दिवा. माल घरपोच द्यावा आणि गाठोडे एका बाईला सहज उचलेल एवढेच बांधावे. आणि डझनाचा दर ठरवताना तासातली चार मिनिटे उठण्याची म्हणून हिशेबात धरावीत. मुकादम प्रथम हसला. ‘बसायचे पैसे देतो, आता उठायचेही देऊ?’ असे त्याचे शब्द होते. पंधरा दिवसांनी फळ्या आल्या, कारण त्या खोक्यांच्याच लाकडाच्या होत्या आणि त्याला फुकट पडल्या. गाठोडी लहान झाली. दिव्यांसाठी त्याने पैसे वरच्या माणसाकडे मागितले आहेत. दराचे बोलणे अजून चालू आहे; पुढची बैठक अमावस्येनंतर, त्याचा हिशेब मिटल्यावर ठरली आहे.